झाडीतले डिस्क गोल्फ मैदान : खेळावे कसे आणि जोखावे कसे

झाडीतल्या मैदानावर पहिल्यांदा खेळून आलेला माणूस घरी येऊन बहुधा दोनपैकी एक वाक्य बोलतो : मैदान फारच सुंदर आहे, किंवा तिथे सगळा नशिबाचाच कारभार आहे. दोन्ही वाक्ये त्या दिवशी त्याला पडलेल्या गुणांवरून आलेली असतात, आणि म्हणून दोन्ही फारशी कामाची नसतात. मैदानाची पारख करायची असेल तर आधी ते विशिष्ट शिस्तीने खेळावे लागते, काही साध्या गोष्टी मोजाव्या लागतात आणि थोडी नोंद ठेवावी लागते. ती पद्धत येथे मांडली आहे.

उदाहरणासाठी अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातले शार्लट शहर डोळ्यांसमोर ठेवले आहे. बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नोकऱ्यांमुळे या परिसरात मराठी घरे बरीच आहेत, आणि सुटीच्या सकाळी मुलांना घेऊन पार्कात जाणाऱ्यांनी झाडांमागून येणारा साखळ्यांचा खळखळाट ऐकलेला असतो. २०१२ ची व्यावसायिक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच शहरात झाली आणि पॉल मॅकबेथ याने आपले पहिले जागतिक विजेतेपद येथेच मिळवले. शहराच्या उत्तर भागातील हॉर्नेट्स नेस्ट पार्कमधले मैदान या भागातल्या झाडीतल्या खेळाचा चांगला नमुना आहे. दक्षिणेला राज्याची सीमा ओलांडली की रॉक हिल लागते. तेथे विन्थ्रॉप विद्यापीठाच्या तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत १९९९ साली सुरू झालेली यूएस अजिंक्यपद स्पर्धा खेळली जाते, आणि मोकळ्या मैदानात अडचण हवी म्हणून जमिनीवर दोऱ्या ताणून हद्दी आखाव्या लागतात. शार्लटच्या झाडीत दोऱ्यांची गरज पडत नाही. पाइन, ओक, स्वीटगम आणि ट्यूलिप पॉप्लर यांची खोडे ते काम करतात.

खेळ ज्यांना अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. टीवरून, म्हणजे सुरुवातीसाठी आखलेल्या जागेवरून, डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये ती कमीत कमी फेकींत पोहोचवायची. अशा एका टी-बास्केटच्या जोडीला होल म्हणतात, आणि लागलेल्या फेकी हेच गुण, म्हणून ते जितके कमी तितके चांगले. पहिले कायमस्वरूपी मैदान एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये आखले, आणि पुढच्याच वर्षी पीडीजीए ही खेळाडूंची संघटना स्थापन झाली. नियम तिचेच चालतात.

पिशवीत काय असावे

मोकळ्या मैदानावर मिरवणारे वेगवान डिस्टन्स ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याच्या डिस्का, झाडीत बहुतेक वेळ पिशवीतच राहिलेले बरे. वेगवान डिस्कला तिच्या वेगाइतकी गती मिळाली नाही तर ती सरळ न जाता लवकर वळते, आणि गती मिळाली तर शेवटच्या टप्प्यात बाजूला जोरात सरकते. झाडीत या दोन्ही गोष्टी महाग पडतात. जवळच्या फेकीसाठी दोन पटर, मधल्या अंतरासाठी दोन मिडरेंज आणि त्याहून लांबच्या, पण आवरत्या फेकीसाठी दोन फेअरवे ड्रायव्हर एवढ्यावर अठरा होल व्यवस्थित खेळता येतात. डिस्कवर छापलेले चार आकडे क्रमाने वेग, तरंगणे, सुरुवातीचे वळण आणि शेवटचे वळण दाखवतात. पटरमध्ये एव्हिअर (२, ३, ०, १), मिडरेंजमध्ये बझ (५, ४, –१, १), फेअरवे ड्रायव्हरमध्ये सरळ जाण्यासाठी लेपर्ड (६, ५, –२, १) आणि हमखास वळण हवे असेल तिथे फायरबर्ड (९, ३, ०, ४) ही जुनी, सर्वत्र मिळणारी नावे आहेत. त्याच आकड्यांच्या आसपासची दुसऱ्या कंपनीची डिस्कही तेच काम करते.

रंगाकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात आणि नोव्हेंबरमध्ये पस्तावतात. पानगळीनंतर जमीन तांबडी, पिवळी आणि तपकिरी होते, पाइनच्या सुया तर नारिंगी छटेच्या असतात; अशा वेळी लाल किंवा नारिंगी डिस्क दोन पावलांवर पडलेली असूनही दिसत नाही. उन्हाळ्यात हिरवी डिस्क तशीच गुडूप होते. भडक गुलाबी आणि फिकट निळा हे दोन रंग बाराही महिने चालतात. पिशवीवर नाव आणि फोन नंबर लिहिण्यापेक्षा तो डिस्कच्या पोटावर लिहावा, कारण हरवते ती डिस्क.

पहिली फेरी : डोळ्यांची

मैदान जोखायचे असेल तर पहिल्या फेरीत गुण लिहू नयेत. शक्यतो गर्दी नसताना जावे, प्रत्येक टीवर एक पटर फेकावी, आणि मुख्य काम म्हणून टीपासून बास्केटपर्यंत फेअरवेच्या, म्हणजे टी आणि बास्केट यांमधल्या मोकळ्या वाटेच्या, मधोमध चालत जाऊन मागे वळून पाहावे. बास्केटकडून टीकडे पाहिले की आखणी करणाऱ्याच्या मनातली वाट बहुतेक वेळा उघड दिसते. टीवरून जी झाडी गच्च वाटते, तीत तोडलेल्या बुंध्यांवरून आणि जाणीवपूर्वक राखलेल्या खोडांवरून एक किंवा दोन मार्ग ठरवून काढलेले आहेत हे उलट बाजूने लगेच कळते. चालताना पावलांनी अंतर मोजावे आणि फलकावरच्या अंतराशी ताडून पाहावे. फलक फुटांत असतात, ३.३ ने भागले की मीटर मिळतात.

आता फटीचे गणित. संपूर्ण लेखातला सर्वांत उपयोगी भाग मला हाच वाटतो. दोन झाडांमधली फट किती रुंद आहे यापेक्षा ती टीवरून किती अंशांची दिसते हे महत्त्वाचे असते, कारण हातून होणारी चूक ही कोनाची चूक असते. हिशेब सोपा आहे : फटीच्या रुंदीला अंतराने भागावे आणि ५७ ने गुणावे. ३ मीटरची फट २० मीटरवर असेल तर ती सुमारे साडेआठ अंशांची, आणि तीच फट ४० मीटरवर असेल तर सव्वाचार अंशांची होते. डिस्कचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर असतो, तेवढी रुंदी आधी वजा करावी. मोठ्या फटीत त्याने फारसे बिघडत नाही, पण १ मीटरच्या फटीत पाचवा हिस्सा त्यातच जातो. टीवर उभे राहून टेप लावत बसण्याचीही गरज नाही. हात समोर पूर्ण ताणला की बंद मूठ सुमारे १० अंश झाकते, मधली तीन बोटे मिळून ५ अंश आणि करंगळी १ अंश. मूठभर फट, तीन बोटांची फट, करंगळीची फट, अशी नोंद वहीत केली तरी पुरते.

या मोजमापाला अर्थ येण्यासाठी स्वतःच्या हाताची सवय माहीत असावी लागते. मोकळ्या जागेत १५ मीटरवर दोन पिशव्या एकमेकींपासून ३ मीटरवर ठेवाव्यात, म्हणजे दार सुमारे साडेअकरा अंशांचे होते, आणि त्यातून पटर वीस वेळा फेकावी. बारा वेळा डिस्क दारातून गेली तर मुठीएवढ्या फटीतून आपण दहांत सहा वेळा जातो असे प्रामाणिकपणे धरावे. मग पिशव्या जवळ आणून दीड मीटरवर ठेवाव्यात आणि पुन्हा वीस फेकी कराव्यात. येणारे आकडे मनाला लागतात, परंतु मैदानावर निर्णय घेताना त्यांच्याइतका खरा सल्लागार दुसरा मिळत नाही. एका फेकीच्या वाटेत अशा तीन फटी असतील आणि प्रत्येकीतून आपण पाचांत चार वेळा सुटत असू, तर तिन्हीतून सुटण्याची शक्यता जेमतेम निम्मी उरते. दोन फेकींत जाण्याचा कंटाळवाणा मार्ग पुष्कळदा शहाणपणाचा असतो तो यामुळे.

दुसरी फेरी : हाताची

आता गुण लिहून खेळावे. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क शेवटी डावीकडे वळते आणि फोरहँड फेकलेली उजवीकडे. डावखुऱ्यांनी हे उलट वाचावे. प्रत्येक टीवर प्रश्न एकच असतो : हा होल कोणत्या बाजूला वळतो, आणि त्या बाजूला आपोआप वळणारी कोणती फेक आपल्याकडे आहे? फोरहँड कच्चा असेल तर उजवीकडे वळणाऱ्या होलवर बॅकहँडनेच डिस्कची बाहेरची कड वर उचलून, म्हणजे अॅनहायझर कोनात, फेकावे लागते, आणि ती फेक झाडीत अवघड पडते. त्यापेक्षा २५ मीटरचा साधा फोरहँड शिकून घेणे सोपे.

धाव घेऊन फेकण्याचा मोह आवरावा. एका पावलावरून किंवा जागेवर उभे राहून फेकल्याने अंतर थोडे घटते आणि दिशेची चूक बरीच कमी होते. झाडीत हा सौदा फायद्याचा आहे. डिस्कचे नाक, म्हणजे पुढची कड, किंचित खाली ठेवावे, कारण वर उचललेले नाक तिला फांद्यांमध्ये नेते आणि खाली दिसणारी मोकळी वाट वाया जाते. नजर झाडावर ठेवू नये. फटीच्या पलीकडे एखादा उन्हाचा कवडसा किंवा दूरचे खोड हेरावे आणि त्याकडे पाहून फेकावे. लहानपणी कैऱ्या पाडण्यासाठी दगड मारलेल्या हाताला ही सवय मोडायला वेळ लागतो, कारण त्या हाताने झाडावर नेम धरण्यातच सारी हुशारी पाहिलेली असते.

डिस्क झाडाला आपटून आत गेली की गुणांची खरी नासाडी सुरू होते, आणि तिला झाडापेक्षा त्यानंतरची फेक अधिक जबाबदार असते. आत अडकल्यावर बास्केटकडे पाहण्याआधी फेअरवेकडे परतण्याची सर्वांत रुंद वाट शोधावी, मग ती बाजूला असो की चक्क मागे, आणि मुठीपेक्षा लहान फटीच्या वाटेला जाऊ नये. याप्रमाणे एक फेक जादा पडते. करंगळीच्या फटीतून मर्दुमकी दाखवायला गेले की तीन पडतात.

येथे काही नियम माहीत हवेत. फेकताना पाय मार्करच्या, म्हणजे डिस्क पडलेली जागा दाखवणाऱ्या खुणेच्या, मागे, बास्केटच्या रेषेवरील २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब पट्ट्यात टेकलेला असावा लागतो. उभे राहण्यासाठी झाडाझुडपांना कमीत कमी हलवणारी जागा घ्यावी, आणि हात फिरवायला अडथळा होतो म्हणून फांदी धरून किंवा वाकवून ठेवू नये. हाताच्या फेकीत पाने सहज हलली तर चालते. मार्करच्या मागे, जिथे पाय टेकायचा आहे तिथली तुटून पडलेली काटकी उचलता येते, समोरची मात्र उचलता येत नाही. गुडघे टेकून फेकण्याला मुभा आहे आणि खालच्या फांद्यांखालून सुटायला ती पुष्कळ उपयोगी पडते. डिस्क झाडावर अडकली तर तिच्या बरोबर खाली जमिनीवर जागा धरतात; २ मीटरपेक्षा उंच अडकल्याचा दंड आयोजकाने आधी तसे जाहीर केले असेल तरच लागतो. जागा अगदीच निरुपाय असेल तर दंडाची एक फेक स्वीकारून बास्केट आणि डिस्क यांच्या रेषेवर मागे सरकता येते, किंवा मागच्या ठिकाणावरून पुन्हा फेकता येते. हरवलेल्या डिस्कच्या शोधासाठी ३ मिनिटे मिळतात. बास्केटपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरून उभे राहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही.

जोखण्याची वही

यूडिस्कसारख्या अॅपवर एका फेरीनंतर पाच तारे देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. मैदानाबद्दल त्यातून फार थोडे कळते. झाडीतल्या होलची एकच मोठी कसोटी मी मानतो : चांगल्या फेकीला चांगले आणि वाईट फेकीला वाईट फळ तो देतो का? ही कसोटी लावण्यासाठी प्रत्येक टी-फेकीच्या दोन नोंदी कराव्यात. डिस्क हातून सुटताच, ती कुठे जाते हे कळण्याआधी, फेकणाऱ्याने मोठ्याने ‘जमली’ किंवा ‘चुकली’ असे सांगायचे. निकाल पाहून मत बदलायचे नाही. मित्रांमध्ये यावरून वाद होतात, म्हणून हा नियम आधीच पक्का करावा. दुसरी नोंद डिस्क थांबल्यावर : पुढची फेक मोकळी आहे की अडकलेली. चार जणांनी पाच फेऱ्या खेळल्या की प्रत्येक होलच्या वीस नोंदी होतात.

समजा, एका होलवर नऊ फेकी जमल्या आणि त्यांतल्या आठ मोकळ्या राहिल्या, अकरा चुकल्या आणि त्यांतल्या आठ अडकल्या. म्हणजे वीसपैकी सोळा वेळा फेक आणि फळ जुळले. हा होल न्यायी आहे, मग तो कितीही अवघड असो. दुसऱ्या होलवर दहा जमल्या त्यांतल्या पाच अडकल्या, आणि दहा चुकल्या त्यांतल्या पाच निसटून मोकळ्या राहिल्या. येथे नाणे उडवल्यासारखा प्रकार आहे, आणि त्याची फेरआखणी व्हायला हवी. वीस नोंदी काही फार नव्हेत, त्यामुळे सोळा आणि चौदा यांतल्या फरकावरून भांडू नये. दहाच्या आसपास घुटमळणारा होल मात्र नजरेत भरतो.

असा होल सापडला की कारण शोधावे. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे फेअरवेच्या मधोमध दूरवर उभे असलेले एकाकी झाड. ४० सेंटिमीटर जाडीचे खोड ६० मीटरवर असेल, तर डिस्कचा व्यास धरूनही ते टीवरून अर्ध्या अंशाहून थोडेसेच जास्त जागा अडवते, आणि इतका बारीक नेम धरून ते चुकवणे कोणाच्याच हातात नसते. ते झाड चांगल्या आणि वाईट फेकीला सारख्याच अंधपणे अडवते. टीपासून १५ किंवा २० मीटरवरची स्पष्ट फट मात्र, कितीही जाचक वाटली तरी, खेळाडूला निवड करायला लावते. दुसरे कारण असे की फेअरवेच नसतो, आणि सगळीकडे सारख्याच विरळ झाडांची चाळण असते. तिथे कोणताही मार्ग दुसऱ्यापेक्षा बरा नसल्यामुळे ‘मारा आणि देवाचे नाव घ्या’ एवढेच हातात उरते. तिसरे कारण दोन्ही बाजूंना हिरवी भिंत असलेला लांबलचक सरळ बोगदा. तो बहुधा न्यायी ठरतो, पण अठरात तीनपेक्षा जास्त आले की मला वैताग येतो, कारण तिथे एकच फेक पुन:पुन्हा मागितली जाते.

म्हणून न्यायानंतर वैविध्य पाहावे. डावीकडे आणि उजवीकडे वळणारे होल किती, चढाचे आणि उताराचे किती, पटरने जमणारे किती आणि ड्रायव्हर मागणारे किती, एवढे मोजले तरी चित्र उभे राहते. गुणांचा पसाराही बोलका असतो : पार ३ च्या, म्हणजे तीन फेकींत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या, होलवर वीसच्या वीस नोंदी तीनच असतील तर तो होल कोणालाच काही विचारत नाही. मात्र आपण कोणत्या टीवरून खेळलो हे ध्यानात ठेवावे. पीडीजीए खेळाडूंच्या कौशल्यानुसार टींना सोनेरी, निळा, पांढरा, लाल आणि हिरवा असे रंग सुचवते, आणि पांढऱ्या टीच्या कुवतीच्या खेळाडूने सोनेरी टीवरून खेळून मैदानाला अन्यायी ठरवणे हा मैदानावरच अन्याय आहे.

सुरक्षितता या सगळ्याच्या आधी यायला हवी. टीवरून न दिसणाऱ्या वळणाच्या पुढे दुसऱ्या होलची टी किंवा पायवाट येत असेल तर बाकीचे सारे गुण उत्तम असूनही तो होल नापास करावा. टी-पॅड काँक्रीटचे, साधारण दीड मीटर रुंद आणि तीन ते साडेतीन मीटर लांब असावे आणि पुढच्या कडेला खड्डा पडलेला नसावा. बास्केटची कड जमिनीपासून ८२ सेंटिमीटरच्या आसपास असते. उतारावरची बास्केट खालच्या बाजूने उंच भासते. पुढची टी अनोळखी माणसाला न विचारता सापडते का, हेही पाहावे.

जमीन हा झाडीतल्या मैदानाचा दुखरा भाग. शार्लटच्या आसपास लाल चिकणमाती आहे, ती पावसात घसरडी होते आणि रोजच्या पावलांनी दगडासारखी दबते, मग पाणी वरून वाहते, माती नेते आणि मुळे उघडी पडतात. टीच्या पुढे आणि बास्केटभोवती उघडी मुळे किती आहेत, लाकडाचा भुसा पसरलेला आहे का, उतारावर पाणी अडवणारे ओंडके आहेत का, याची नोंद करावी. डिस्कांचा मारा सतत एकाच उंचीवर बसल्याने साल सोललेली खोडेही दिसतील. तेच झाड दहा वर्षांनी नसले तर त्या होलचे काय राहील, असा प्रश्न त्यांच्याकडे पाहून विचारावा.

ऋतू बदलला की मैदान बदलते

एकाच महिन्यातल्या पाच फेऱ्यांवर मत बनवू नये. मे महिन्यात तीन बोटांची दिसणारी फट जानेवारीत मुठीएवढी होते, खालची झुडपे निष्पर्ण होतात आणि बास्केट टीवरूनच दिसू लागते. निदान दोन फेऱ्या हिरव्या झाडीत आणि दोन पानगळीनंतर खेळाव्यात आणि वहीत महिना लिहावा.

उन्हाळ्यात तीन गोष्टींचे भान ठेवावे. पॉयझन आयव्हीची पाने तीन-तीनच्या गुच्छात असतात आणि तिचे तेल कातडीप्रमाणेच डिस्कलाही चिकटून राहते. म्हणून घरी गेल्यावर हातांबरोबर डिस्काही साबणाने धुवाव्यात. गोचिडांसाठी पायमोजे आणि घोटे तपासावेत. कॉपरहेड हा विषारी साप या भागात नेहमी आढळतो आणि वाळक्या पानांत त्याची नक्षी बेमालूम मिसळते, त्यामुळे ओंडक्याखाली किंवा पाचोळ्यात हात घालून डिस्क चाचपू नये. लांब काठीने पाने बाजूला करून आधी पाहावे. मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी.

वही पूर्ण झाली की तिचा उपयोग दोन ठिकाणी होतो. अॅपवर लिहिताना ताऱ्यांसोबत तीन वाक्ये तरी द्यावीत : आपण कोणत्या टीवरून आणि कोणत्या महिन्यांत खेळलो, कोणते होल डाव्या वळणाचे आणि कोणते उजव्या, आणि नवख्याने कोणत्या होलपासून सावध राहावे. दुसरी प्रत मैदानाची निगा राखणाऱ्या स्थानिक क्लबाच्या स्वयंसेवकांना द्यावी. ‘सातवा होल वाईट आहे’ या वाक्याने त्यांच्या हाती काहीच लागत नाही. ‘सातव्या होलवर वीसपैकी दहाच फेकींना योग्य फळ मिळाले, जमलेल्या ज्या पाच अडकल्या त्यांतल्या चार ५५ मीटरवरच्या एकाच खोडाला लागल्या’, असे लिहून दिले तर ते झाड तोडायचे, की टी दोन मीटर डावीकडे सरकवून त्याला वाटेतून बाजूला करायचे, हे ते पुढच्या साफसफाईच्या शनिवारी जागेवर उभे राहून ठरवू शकतात. त्या शनिवारी हातमोजे घेऊन आपणही जावे.